पहिल्यापासून नको

पहिल्यापासून नको बघूस, दाक्षायणी.
पहिल्या वर्षीचं यान थर्माकोलचं आहे,
दार सरकतं तेव्हा ढकलणाऱ्याची बोटं दिसतात,
आणि कॅप्टन इतका बोलतो
की ग्रहावर उतरेपर्यंत तुला झोप लागेल.
सव्वीस वर्षं चाललेली गोष्ट
बारशापासून कोण ऐकतं?
तू या गल्लीत भाड्यानं आलीस
तेव्हा शहापूरचा इतिहास कुणी सांगितला तुला?
नळाला कितव्या दिवशी पाणी येतं, एवढंच सांगितलं.
राहिलीस की तेवढ्यावर.

मीही मधूनच शिरलो.
सत्त्याण्णव साल, केबलचं काम,
खासबागच्या चार गल्ल्यांची वायर माझ्या खांद्यावर.
बिर्जेंच्या गच्चीवर डिश फिरवत होतो,
खालून मक्तुम ओरडला, थांब गा, काहीतरी आलंय!
मुंग्यांमधून एक निळी बाई आली,
आवाज हिंदी, ओठ भलतंच बोलणारे,
मागं खिडकीत दोन सूर्य मावळत होते.
मक्तुम माग दुरुस्त करायचा.
म्हणाला, इंजिन ऐक, पॉवरलूमसारखंच खडखडतंय.
तेव्हापासून गल्लीत मालिकेचं नाव उडता माग.
ती बाई कोण, का रडते,
कळायला आम्हाला चार वर्षं लागली,
खरं रडणं त्याच रात्री कळलं.

तर तू सातव्या वर्षापासून धर. तिसरा भाग.
त्यात एक ठाणं आहे, दोन साम्राज्यांच्या मधोमध,
दोघंही म्हणतात आमचंच.
दारावरची पाटी सारखी बदलते,
आत एक म्हातारी
दोन्हीकडच्या शिपायांना एकाच पातेल्यातलं वाढते
आणि उधारी तिसऱ्याच भाषेत लिहिते.
पाटी काढणाऱ्याला स्टूल तीच धरते.
लावणाऱ्यालाही.
पुण्याचा माझा मेहुणा म्हणाला, संथ भाग, काहीच घडत नाही.
इथं मक्तुमच्या हातातला चहा सांडला हसून.
तुला कळेल ते.
तू बैलहोंगलची. मी विचारतो, ऊटा आयतेनु?
तू म्हणतेस, जेवलो मामा,
आणि इकडच्या बायकाही तसंच बोलतात,
म्हणून ती तुझी चूक आहे
हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

अकरावं, बारावं सोड.
पैसे संपले होते त्यांचे, सगळे ग्रह एकाच खाणीत.
चौदाव्यात निळी बाई मरते.
सांगितलं म्हणून रागावू नकोस,
सोळाव्यात येते परत, जरा फिकी होऊन.

गॅसच्या नंबरांच्या डायरीत तिनं सगळं लिहून घेतलं.
मग पेन तसंच धरून विचारलं,
मामा, तुम्ही कुठवर बघितलंय?

एकोणिसावं वर्ष. चौथा भाग. अर्धा.
मक्तुमचे माग भंगारात गेले, तो मस्कतला गेला,
जाताना म्हणाला, पुढचं माझ्याशिवाय बघू नकोस.
सात वर्षं झाली.
फोनवर तो उकाड्याचं बोलतो, गुडघ्याचं बोलतो.
परवा त्याच्या पोराकडून कळलं,
अब्बांनी केव्हाच संपवलीत सगळी. सव्वीसच्या सव्वीस.
मी रागावलो नाही.
दोन दिवस फोन उचलला नाही, एवढंच.

दाक्षायणी काही बोलली नाही.
पाण्याच्या पिंपाला तिनं मोबाईल टेकवला,
सातवं वर्ष, तिसरा भाग.
ठाणं आलं. पातेलं आलं. शिपाई स्टूलवर चढला.
मी तिच्या हसण्याची वाट बघत होतो.
ती पुढं वाकली.
मामा, त्या स्टूलाला तीनच पाय आहेत.
चौथ्या पायाच्या जागी म्हातारीचा गुडघा आहे.

किती वेळा बघितला असेल मी हा भाग.
मागं ने, म्हटलं.
आणि एकदा दाखव.